नवख्या हातात आठ दिवसांचा कॅमेरा

भाचीचा फोन आला तेव्हा मी अंगणात पाहुण्यांच्या खोल्यांतल्या चादरी वाळत घालत होते. तिने ना 'कशी आहेस' विचारलं, ना 'जेवलीस का'. थेट प्रश्न.

"आत्या, तू आयुष्यात कधी कॅमेरा हातात धरलायस?"

"फोनवर काढते की फोटो."

"फोन नाही गं. खराखुरा कॅमेरा. बटणवाला."

मी आठवून पाहिलं. माझ्या लग्नात फोटो निघाले, मुलाच्या बारशात निघाले, सहली झाल्या. पण कॅमेरा कायम दुसऱ्या कुणाच्या तरी हातात. मी आपली मधे उभी राहून हसणारी. "नाही," म्हटलं.

"मस्त!" ती पलीकडून ओरडलीच. "मग मला तूच पाहिजेस!"

माझ्या भावाची ही मुलगी पुण्यात असते. नवीन यंत्रं वापरून बघायची आणि ती घेण्याजोगी आहेत की नाहीत हे लिहायचं, हे तिचं काम. तिच्याकडे एक छोटा कॅमेरा आला होता, अगदी नवशिक्यांसाठी म्हणून बनवलेला. पण तिच्या कचेरीत नवशिकं कुणी नव्हतंच. "इथे सगळ्यांना सगळंच सोपं वाटतं," ती म्हणाली. "मला असं माणूस हवंय जे खरंच अडेल, आणि कुठे अडलं ते न लाजता सांगेल."

आता खरं सांगते. मी एक्कावन्न वर्षांची बाई. काशीदला आमच्या चार खोल्या आहेत, पाहुणे येतात-जातात, नवरा नारळ-सुपारीची वाडी बघतो. घरात मिक्सर आला तो नवऱ्याने पसंत केलेला. धुलाई यंत्र मुलाने निवडलं. टीव्ही दोघांनी मिळून. कुठल्याही यंत्राबद्दल माझं मत आजवर कुणी विचारलं नव्हतं. आणि इथे पुण्याहून कॅमेरा येणार होता, केवळ माझं मत घ्यायला! चादरी तशाच टाकून मी वाडीत पळत गेले नवऱ्याला सांगायला. तो म्हणाला, "तुला जमत नाही म्हणून निवडली, आणि नाचतेस काय?" मी म्हटलं, "हो. त्याचसाठी."

कॅमेरा आला तो माझ्या तळहातात मावेल एवढा. काळा, गुळगुळीत, मनगटात अडकवायला एक दोरी. भाचीने अटी घातल्या होत्या: पहिले दोन दिवस माहितीपुस्तक उघडायचं नाही, कुणाला विचारायचं नाही, जे होईल ते वहीत लिहायचं. मी देवासमोर ठेवला, हात धुतले आणि वरचं गोल बटण दाबलं. तर खर्रकन आवाज करून त्याचं भिंग पुढे आलं! मी एवढी दचकले की कॅमेरा हातातून सुटलाच. दोरी मनगटात होती म्हणून वाचला.

वहीत पहिलं वाक्य लिहिलं: "चालू केल्यावर डोळा बाहेर येतो हे आधी सांगायला हवं. दोरी उत्तम."

त्यानंतर मी लागोपाठ अकरा फोटो काढले. तुळशीचा, मांजराचा, नवऱ्याच्या पाठीचा. मग बघायला गेले तर एकही नाही. पडद्यावर बारीक अक्षरात लिहिलं होतं, कार्ड नाही. फोटो साठवायचं कार्ड खोक्यात घातलेलंच नव्हतं. म्हणजे मी अकरा वेळा हवेत बोट दाबलं होतं. मुरूडला जाऊन कार्ड आणलं. वहीत लिहिलं: "पाहुण्याला ताट वाढलं, भात वाढलाच नाही."

पहिले दोन दिवस म्हणजे नुसता गोंधळ. कोंबड्यांचे फोटो काढले तर कोंबड्यांच्या जागी तपकिरी रेघा. दुपारच्या उन्हात पडद्यावर काहीच दिसेना, पदर डोक्यावर घेऊन त्याच्या सावलीत बघावं लागे. बऱ्याच फोटोंच्या कोपऱ्यात गुलाबी ढग होता. ते माझं बोट. संध्याकाळी ओटीवर काढलेला नवऱ्याचा फोटो तर रवा सांडल्यासारखा दाणेदार आला. बॅटरी मात्र दीड दिवस टिकली. सगळं लिहीत होते. आणि काय सांगू, मला जे जमत नव्हतं त्याचासुद्धा आनंद होत होता, कारण प्रत्येक चूक भाचीच्या उपयोगाची होती. आजवर चुकले की ओशाळून गप्प बसायची सवय. इथे चुकले की वही उघडायची!

तिसऱ्या दिवशी सकाळी विहिरीच्या रहाटावर एक धीवर पक्षी येऊन बसला. निळाभोर, लांब चोचीचा. मी श्वास रोखून बटणावर बोट टेकवलं, पण उडेल या भीतीने बोट अर्ध्यातच थांबलं. तेवढ्यात कॅमेरा बारीक आवाजात बोलला, आणि पडद्यावर पक्ष्याच्या छातीभोवती एक हिरवा चौकोन उमटला. पक्षी एकदम स्वच्छ झाला. पीस न् पीस. मग मी बोट पुरतं दाबलं.

तो फोटो बघितला आणि मी अंगणात एकटीच ओरडले. आतून पाहुणे धावत आले, त्यांना वाटलं साप निघाला. आधी अर्धं दाबायचं, हिरवा चौकोन येऊ द्यायचा, मग पुरतं दाबायचं! हे मला कुणी सांगितलं नव्हतं. माझं मी शोधलं होतं. त्या दिवशी भात करपला, वाडीतून आलेला नवरा काही बोलला, मला काही ऐकू आलं नाही.

आता ज्यांच्यामुळे ही गोष्ट सांगावीशी वाटते, त्या मावशींकडे येते. आगरदांड्याच्या या कोळीण मावशी गेली कित्येक वर्षं आमच्याकडे मासळी घेऊन येतात. साठीच्या आहेत, आवाज खणखणीत. पाहुण्यांना आमच्याकडचं जेवण आवडतं त्यातलं अर्धं श्रेय मावशींच्या पाटीचं. चौथ्या दिवशी त्या आल्या तेव्हा मी कॅमेरा रोखून उभीच होते.

"मना नको काढू गो वयनी," त्यांनी पदर तोंडावर ओढला. "काढायचाच तं आमच्या होडीचा काढ. नवीन रंग दिलाय. उद्या ये आमच्याकडं, पाणी थांबंल तवा होडी समोरच असंल."

मला दूरच्या वस्तूचा फोटो हवाच होता. भाचीने तसं सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी नवऱ्यावर पाहुणे सोपवून मी आगरदांड्याला गेले.

मावशींचे यजमान, आम्ही त्यांना काका म्हणतो, खाडीच्या तोंडाशी डोल लावतात. डोल म्हणजे पाण्यात खुंटांना बांधलेली मोठी पिशवीसारखी जाळी. भरती-ओहोटीच्या मधे पाणी थोडा वेळ थांबतं, तेव्हा ती ओढून होडीत घ्यायची. हे काम जबर ताकदीचं. आणि काकांचं तीन महिन्यांपूर्वी अलिबागला हर्नियाचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टरांनी बजावलं होतं, सहा महिने वजन ओढायचं नाही. म्हणून ते फक्त सुकाणू धरून बसतात, ओढायचं काम मुलगा आणि एक गडी करतात, असं मावशींनी मला जेट्टीवर उभ्या-उभ्याच सांगितलं. "बसून-बसून पोट सुटलंय म्हाताऱ्याचं," त्या हसल्या.

होडी लांब होती. नुसत्या डोळ्यांना शेंगेएवढी. मी झूमची कळ ओढली, भिंग पुढे सरकलं आणि होडी जवळ येऊ लागली. काय मजा होती ती! आणखी ओढली, आणखी जवळ. पडद्यावर एक पट्टी होती, तिच्यावर मधे एक रेष. ती रेष ओलांडून मी पार शेवटापर्यंत गेले आणि बटण दाबलं.

मावशींनी पडद्यावर हाताची सावली धरली. आम्ही दोघी डोकं लावून बघू लागलो. होडीचा नवा निळा रंग बघून त्या खूश झाल्या. मग त्यांचं बोट पडद्यावर फिरू लागलं.

"एक... दोन... तीन." त्या थांबल्या. "तिघंपण दोरावर हायत. मग सुकाणूवर कोन हाय?"

सुकाणूपाशी कुणीच नव्हतं.

"पिवळी टोपी," मावशी म्हणाल्या. आवाज एकदम खाली आला होता. "ती म्हाताऱ्याची."

 मी आले होते कॅमेरा पारखायला, आणि इथे भलतंच काही पारखलं गेलं होतं. मी म्हटलं, "मावशी, जाऊ द्या, नीट दिसतही नाही." पण मावशी जेट्टीच्या पायरीवर बसल्या त्या होडी लागेपर्यंत हलल्या नाहीत.

काका उतरले. मावशींनी माझा हात धरून कॅमेरा त्यांच्यासमोर नेला. "ह्यो कोन?"

काकांनी शांतपणे बघितलं. "हे ठिपके हायत. ठिपक्यांना तोंड असतं का?"

"टोपी तुमची हाय."

"ऊन होतं. गड्याला दिली घालायला."

मुलगा जाळ्याकडे बघत होता. गडी पाण्याकडे बघत होता. आणि काकांचं बरोबरच होतं! फोटोत चेहरा नव्हताच. जिथे तोंड असायला हवं तिथे तीन-चार चौकोनी डाग. मावशी माझ्याकडे वळल्या, आणि त्यांच्या नजरेत राग माझ्यावर नव्हता, कॅमेऱ्यावर होता. मला तो माझ्यावर असल्यासारखाच लागला.

घरी येऊन पहिला फोन भाचीला. सगळं ऐकून ती आधी पोट धरून हसली. मग म्हणाली, "आत्या, त्या पट्टीवर मधे रेष आहे ना? तिथपर्यंत भिंग खरोखर जवळ आणतं. तिच्या पुढे कॅमेरा जे आहे तेच नुसतं ताणून मोठं करतो."

"म्हणजे रेषेच्या पुढे तो खोटं बोलतो?"

"खोटं नाही. अंदाज करतो."

"मग तसं लिहा की त्या खोक्यावर!"

पलीकडे पेन शोधल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "थांब, हे वाक्य मी लिहून घेते." त्यानंतर तिने सांगितलं की कोपरं बरगड्यांना चिकटवून धर, श्वास सोडून मग बटण दाब, आणि मुख्य म्हणजे झूम कमी करून स्वतः जवळ जा.

स्वतः जवळ जा! पण पाण्यातल्या होडीजवळ जायचं कसं? दुसऱ्या दिवशी मावशी पाटी घेऊन आल्या तर त्यांच्याकडे उत्तर तयार होतं. "फेरीबोटीनं जाऊ. खाडीपल्याड दिघीला जाताना आपली होडी बाजूलाच असती." मग बोटांवर काहीतरी मोजलं. "काल पाणी अकराला थांबलं. उद्या पावणेएकच्या सुमाराला थांबंल. त्याच्या आधीची फेरी धरायची."

"मावशी, काकांना कळलं तर?"

"कळू दे. त्यानं मना सांगितलं न्हाय, मी त्याला सांगत न्हाय."

सातव्या दिवशी आम्ही दोघी फेरीबोटीवर चढलो, खाली गाड्या, वर आम्ही कठड्याशी. मावशींनी चांगलं लुगडं नेसलं होतं. मी कॅमेरा सकाळपासून तीनदा पुसला होता, बॅटरी भरली होती, कार्ड आहे ना हे दोनदा उघडून बघितलं होतं. छाती अशी धडधडत होती की मला वाटलं फोटो त्यानेच हलेल.

बोट सुटली. निळी होडी दिसू लागली, शेंगेएवढी, मग नारळाच्या करवंटीएवढी, मग सगळीच्या सगळी. मी कोपरं कठड्यावर टेकवली तर इंजिनाच्या थरथरीने पडदा नाचायला लागला. तेव्हा पुण्यातलं ज्ञान आठवलं. कठडा सोडला, पाय फाकवून उभी राहिले, कोपरं बरगड्यांना चिकटवली. मावशींनी मागून माझी कंबर दोन्ही हातांनी धरली. झूम रेषेपर्यंत, पुढे नाही. अर्धं दाबलं. हिरवा चौकोन आला तो मधेच शिरलेल्या कठड्याच्या नळीवर! सोडलं. पुन्हा अर्धं दाबलं. या वेळी चौकोन पिवळ्या टोपीवर बसला.

"आता! आता काढ!" मावशी कानात ओरडल्या.

दाबलं. बटण दाबणं आणि फोटो निघणं यांत या कॅमेऱ्याचा थोडा वेळ जातो, मला ते आता माहीत होतं, म्हणून हललेच नाही. पुन्हा दाबलं. तिसऱ्यांदा दाबलं. मग होडी मागे पडली.

तीनपैकी एकात लाट होडीच्या आड आली होती. एक हललेला होता. पण मधला! मधला असा आला होता की मीच म्हटलं, हा मी काढला?

काका स्पष्ट दिसत होते. एक पाय होडीच्या काठावर रोवलेला, दोन्ही हातांत ओला दोर, मान मागे टाकलेली. दोरावरून पाणी निथळत होतं, तेही दिसत होतं. आणि काका हसत होते. शेजारचा गडी काहीतरी बोलला असावा, त्यावर अगदी दात दाखवून हसत होते.

मी मावशींकडे बघितलं. वाटलं, आता शिव्या सुरू होणार. मावशी पडद्याकडे बघत राहिल्या. दिघी आलं, माणसं उतरली, नवीन चढली, बोट परत फिरली. तरी त्या बघतच होत्या. पडदा विझला की माझ्या हाताला कोपर लावायच्या, मी पुन्हा पेटवायचे.

"वयनी," शेवटी त्या म्हणाल्या, "पस्तीस वर्सं झाली लग्नाला. त्याला जाताना बघितला, येताना बघितला. ह्यो मधला कदी बघितलाच न्हाय." मग थोड्या वेळाने, "घरी असा हसत न्हाय."

 खाडीवरचा वारा होता, मी डोळे पुसले ते त्याच्याच नावावर.

काकांनी जेट्टीवर फोटो बघितला. या वेळी ठिपक्यांची गोष्ट निघाली नाही. बराच वेळ बघून ते म्हणाले, "चांगला आलाय."

"चांगलाच आलाय," मावशी म्हणाल्या. "उद्या अलिबागला जायचं. डॉक्टरला ह्योच दाखवायचा."

"होडीत नुसतं बसून काय करू? बसायचं तं घरात न्हाय का बसलो असतो?"

तेव्हा मुलगा पहिल्यांदा बोलला. "आये, मी सांगून दमलो. मना बोलले, तुझ्या आयेला सांगितलंस तं होडीवर पाऊल ठेवू देनार न्हाय."

काकांनी त्याच्याकडे रागाने बघितलं, मग मावशींकडे, मग माझ्याकडे, आणि अचानक त्यांना हसूच आलं. तेच, फोटोतलं. मावशींनाही आलं, पण त्यांनी ते पदरात धरलं. "हसू नका," त्या म्हणाल्या. "उद्या पहिल्या एस.टी.नं."

आठव्या दिवशी सकाळी मी भाचीला माझं मत सांगायला बसले. वही पुढ्यात. तिने विचारलं, "एका वाक्यात सांग आत्या, नवख्या माणसाने हा घ्यावा का?"

मी म्हटलं, एका वाक्यात होणार नाही. उन्हात पडदा दिसत नाही, हा मोठा दोष. तिन्हीसांजेनंतर फोटो दाणेदार येतात, तेव्हा त्याला खोक्यात ठेवून माणसांशी गप्पा माराव्यात. पळत्या कोंबडीसाठी हा नाही. कार्ड सोबत द्यायलाच हवं. पण बटण बोटाला कळतं, ओल्या हातालाही. दोरी पक्की आहे. फोनवर दूरचं माणूस जसं पुसट होतं तसं यावर होत नाही, त्या रेषेच्या आत राहिलं तर. आणि फोनमधे फोटो काढता काढता निरोप येतात, कुणाचे तरी वाढदिवस येतात. यात काहीच येत नाही. समोर जे आहे तेवढंच. माझ्यासारख्या बाईला आठ दिवसांत जमला, म्हणजे ज्याला बघायची हौस आहे त्याला जमेल. ज्याला नाही त्याने फोनच ठेवावा.

तिने जवळजवळ सगळं तसंच छापलं. खाली लिहिलं, 'परीक्षण: एक आत्या.' मी ते पाहुण्यांना इतक्यांदा दाखवलं की नवरा म्हणाला, आता भिंतीवर लावून टाक.

कॅमेरा परत गेला. खोक्यात ठेवताना बोटं सुटत नव्हती. पुढचे दोन दिवस मी विहिरीपाशी जाऊन उगाच उजव्या हाताची तर्जनी अर्धी वाकवायची. मग नवराच एक दिवस मुरूडला जाताना म्हणाला, "चल, तुझ्यासाठी कॅमेरा बघू. पण निवडायचा तू." मी निवडला. दुकानदार मला काही समजावून सांगायला लागला तर मीच त्याला झूमच्या पट्टीवरची रेष दाखवली.

डॉक्टरांनी काकांना तपासलं. टाका शाबूत होता, पण आणखी तीन महिने दोराला हात लावायचा नाही, असं त्यांनी मावशींच्या समोर लिहून दिलं. काका खरोखरच सुकाणूवर बसले, तोंड पाडून. मुलाने दोर ओढायला होडीवर एक चाकी बसवून घेतली. तीन महिन्यांनी परवानगी मिळाली तेव्हा काकांनी त्या चाकीला हात न लावता पहिली डोल स्वतः ओढली, असं मावशींनीच मला सांगितलं.

"तुम्हाला कसं कळलं?" मी विचारलं.

"फेरीवर होते," मावशी पाटी उतरवत म्हणाल्या. "पाणी थांबायच्या येळंला कदी कदी जाते. दिघीला जायचं, परत यायचं. काम काय न्हाय तिकडं." मग त्यांनी वरची पानं बाजूला केली. "बोंबील ताजं हायत, घे."